बोट तुमची, पाणी बंदराचं

बुकिंगचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "बोट प्रायव्हेट आहे ना? आमच्याशिवाय कुणी नसणार ना?" दुसरा भाड्याचा. तिसरा, "किती बेटं दाखवणार?" भरती किती वाजता आहे हे कुणीच विचारत नाही, आणि दिवस कसा जाणार ते नेमकं त्यावर ठरतं.

मी ट्रॉम्बे कोळीवाड्यातला. आजोबांनी आणि बाबांनी खाडीत बोकशीचं जाळं लावून घर चालवलं. मासळी हटत गेली तशी आमच्या पिढीतली मुलं पांगली. कुणी रिफायनरीत कंत्राटावर लागला, कुणी रिक्षा घेतली. मी पाण्यावरच राहिलो, फक्त जाळं सुटलं. सारंगाचा दाखला काढला आणि गेटवेच्या एका प्रवासी बोटीवर कामाला लागलो. बोट माझी नाही, मालक वेगळे. पावसाळा सोडला तर ती दिवसभरासाठी खाजगी भाड्यानं जाते. वाढदिवस, पंचाहत्तरी, ऑफिसची मंडळी, परदेशातून आलेले पाहुणे आणि त्यांना काहीतरी दाखवायची जबाबदारी अंगावर पडलेले इथले नातेवाईक.

गावातली पोरं विचारतात, आपल्याच जेट्टीवरून का नाही नेत? जेट्टी आहे, होड्या आहेत, समोर खाडी आहे. त्यांना सांगावं लागतं की मासेमारीच्या होडीत पैसे घेऊन माणसं बसवता येत नाहीत. प्रवासी बोटीचा परवाना वेगळा. तिची तपासणी होते, किती माणसं बसतील तो आकडा कागदावर असतो, कुठवर जायचं ती हद्दही लिहिलेली असते. शिवाय आमच्या जेट्टीपुढे सुकतीला चिखलच चिखल. होड्या पाण्यावर नसतात, गाळात टेकलेल्या असतात. पाहुण्यांना गुडघाभर चिखलातून बोटीपर्यंत नेणं हे काही सहलीत बसत नाही.

लोकांच्या डोक्यात बेट म्हणजे एक चित्र पक्कं असतं: निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेला माड. मालदीव, अंदमान, फार तर मालवण. पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर आमची बेटंही उष्ण कटिबंधातलीच. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, मुंबई एकोणीसच्या आसपास. माड आहेत, तिवरं आहेत, घाम आहे. निळं पाणी तेवढं नाही. ठाण्याची खाडी, पनवेलची खाडी आणि धरमतरकडून येणारं पाणी आपापला गाळ घेऊन इथेच येतं. मी फोनवरच सांगून टाकतो, पोहायचं असेल तर ही सहल तुमची नाही. काही जण तिथेच फोन ठेवतात. ते बरंच.

जे येतात त्यांच्यासाठी खरी अडचण पुढे असते. मुंबईच्या बंदरात बेटं बरीच आहेत, पण पाय ठेवता येतो असं बेट एकच, घारापुरी. गेटवे सोडलं की डाव्या हाताला नौदलाची गोदी. उजवीकडे मिडल ग्राउंड, त्याच्या पलीकडे ऑयस्टर रॉक. दोन्ही नौदलाची. भाऊच्या धक्क्याच्या बाजूला क्रॉस आयलंड, ज्याला जुनी माणसं चिनाल टेकडी म्हणतात, तिथेही उतरायला मिळत नाही. मग घारापुरीच्या अलीकडे जवाहर द्वीप, जुनं नाव बुचर आयलंड. तिथे तेलाच्या टाक्या. फोन हातात घेऊन उभी असलेली मंडळी एकेका बेटाला विचारतात, "इथे थांबू या?" आणि मी एकेका बेटाला नाही म्हणतो. सुरुवातीला मला याची लाज वाटायची, जणू दुकानात माल नसताना दुकान उघडून बसलोय. आता वाटत नाही. आता मला वाटतं, ज्या बेटांवर उतरता येत नाही तीच बघण्यासारखी आहेत. या शहराचा दिवा, स्टोव्ह आणि गाडी कशावर चालते ते तिथूनच कळतं.

जवाहर द्वीपाचंच घ्या. मोठी तेलवाहू जहाजं तिथल्या धक्क्याला लागतात. तेल समुद्राच्या तळाशी टाकलेल्या नळांतून माहुलला, म्हणजे आमच्या ट्रॉम्बेच्या कडेला, रिफायनऱ्यांमध्ये जातं. त्या दोन रिफायनऱ्या 1954 आणि 1955 सालच्या, एक स्टॅनव्हॅकची, एक बर्मा शेलची. आज त्यांची नावं एचपीसीएल आणि बीपीसीएल. ऑक्टोबर 2017 मध्ये वीज पडून याच बेटावरची डिझेलची टाकी पेटली आणि आग विझायला काही दिवस लागले. हे सांगितलं की मुलं फोन खाली ठेवतात आणि टाक्या मोजायला लागतात.

मोठ्यांना मी 2010 ची गोष्ट सांगतो. 7 ऑगस्टला एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही दोन जहाजं बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. कंटेनर पाण्यात तरंगत फिरले, तेल पसरलं, घारापुरीच्या तिवरांच्या मुळांवर काळा थर बसला. नारळी पौर्णिमा तोंडावर, हंगाम सुरू होण्याची वेळ, आणि मासळी घ्यायला कुणी तयार नाही. बाबा तेव्हा म्हणाले होते, "पानी आपलं नाय पोरा, आपुन पान्याचं." तेव्हा ते बोलणं मला चिडून केलेलं वाटलं होतं. आता बोट चालवताना कळतं की हा साधा कारभार आहे. भाडं बोटीचं भरलंय, पाण्याचं नाही. कंटेनरचं जहाज आलं की थांबायचं. नौदलाची बोट वळली की बाजूला व्हायचं. मासेमारीची डोल लावलेली दिसली की वळसा घालायचा. कितीही पैसे मोजले तरी या रांगेत पर्यटकांची बोट शेवटची.

या सगळ्यांच्या वर भरती. कोळीवाड्यात घड्याळाच्या आधी तिथी विचारतात. हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास पाणी भरतं. थोडा इकडेतिकडे फरक पडतो, तो बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरून लावून घ्यायचा. त्यानंतर सहा तासांनी पाणी तळाला जातं. पौर्णिमा-अमावास्येचं उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराचं पाणी. उधाणाला पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी बोट घालायची तर उधाणाची ओहोटी टाळायची. पण लोक शनिवार-रविवार बघतात, तिथी कोण बघतं? मग सहलीचा क्रम मला लावावा लागतो आणि सकाळी तो समजावून सांगताना निम्मी शक्ती जाते.

मागच्या हिवाळ्यातली मुलुंडची मंडळी आठवतात. आजोबांची पंचाहत्तरी. आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडं, त्यांपैकी एक कुटुंब अमेरिकेहून आलेलं. त्यांना आधी फ्लेमिंगो हवे होते, मग लेणी, मग बोटीवर केक. तिथी पंचमी. म्हणजे पावणेदहाच्या सुमारास पाणी तळाला आणि पावणेचारला भरती. सकाळी शिवडी-माहुलच्या बाजूला गेलो असतो तर लांबून चिखल बघून परत आलो असतो, किंवा तिथेच रुतून दुपारची वाट बघत बसलो असतो. मी म्हटलं, आधी घारापुरी, पक्षी दुपारी. थोरल्या मुलाचा चेहरा पडला. "पण बोट आम्ही घेतलीये ना?" तेवढ्यात सुकाणूजवळ बसलेले आजोबा म्हणाले, "आज पंचमी आहे का हो?" त्या एका प्रश्नानं वाद मिटला. एवढ्या दिवसांत तिथी विचारणारा प्रवासी विरळाच.

घारापुरीचं मी फार सांगत नाही. लेण्यांसाठी वर वाटाडे आहेत, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतात. सहाव्या शतकातलं काम, 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत, आणि तो तीन मुखांचा सदाशिव, सहा मीटरच्या घरात उंच, ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. मी ती मूर्ती लहानपणी महाशिवरात्रीला पाहिली, आईच्या कडेवरून. त्या दिवशी आसपासच्या कोळीवाड्यांतून होड्या भरून माणसं जातात. गर्दीमुळे त्या वेळी मला देवापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसल्या.

अमेरिकेच्या नातवानं धक्क्यावर उतरताच विचारलं, "एलिफंट कुठेय?" मी म्हटलं, "भायखळ्याला." त्याला वाटलं थट्टा करतोय. पण खरंच तसं आहे. पोर्तुगीजांनी ज्या दगडी हत्तीवरून बेटाला एलिफंटा नाव दिलं तो हत्ती एकोणिसाव्या शतकात इथून हलवला. आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात उभा आहे. घारापुरीला हत्ती नाही आणि माकडं मात्र भरपूर. खाण्याची पिशवी उघडी घेऊन पायऱ्या चढू नका एवढं मी प्रत्येकाला बजावतो. प्रत्येक गटात एक जण तरी ऐकत नाही.

मंडळी वर गेली की मी शेतबंदरात ओळखीच्या घरी टेकतो. बेटावर गावं तीन: शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर. समोर मुंबई रात्रभर लखलखते आणि या गावांना कायमची वीज आली ती फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर, की मग कंदील. ज्या घरी मी बसतो तिथल्या काकू अजून फ्रीजमध्ये मासळी ठेवायला नाखूश असतात. म्हणतात, "ताजी मिळते तर शिळी करून कशाला खायची?" जेवण आधी सांगून ठेवलं तर त्यांच्याकडे तांदळाची भाकरी, बोंबील आणि मिळाली तर चिंबोरी. मुलुंडकरांच्या सुनांनी हॉटेलातलं पनीर मागवायचा बेत केला होता. आजींनी चिंबोरीचा वास घेतला आणि बेत रद्द केला. केकही बोटीवर न कापता त्या ओसरीवर कापला, काकूंच्या नातवंडांसकट.

दोनच्या सुमारास पाणी चांगलं चढू लागलं तशी बोट सोडली. घारापुरीच्या पुढून उत्तरेला वळलं की उजवीकडे न्हावा-शेव्याच्या उंच क्रेन आणि समोर आडवा अटल सेतू. 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटन झालं. लांबी 21.8 किलोमीटर, त्यातला साडेसोळा समुद्रावर. गाडीतून त्यावरून जाताना ट्रॉम्बेच्या बाजूला काही किलोमीटर उंच पडदे आहेत, पलीकडचं दिसू नये म्हणून. आम्ही पडद्याखालून जातो. खांबांच्या मधून बोट बाहेर पडते आणि ट्रॉम्बेची टेकडी पूर्ण समोर येते, हजारेक फूट उंच, खाली पाण्यापर्यंत हिरवी, आणि तिच्या पायथ्याशी अणुभट्ट्यांचे घुमट.

इथे मी इंजिन मंद करत नाही, आणि बोलतो ते एवढंच: फोन खिशात ठेवा. तो मज्जाव मी लावलेला नाही. आमच्या गावात मूल चालायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवतात, खोल पाण्यात जायचं नाही आणि तिकडे कॅमेरा धरायचा नाही. 4 ऑगस्ट 1956 ला इथे अप्सरा सुरू झाली, आशियातली पहिली अणुभट्टी. 1960 मध्ये सायरस, 1985 मध्ये ध्रुव. होमी भाभा गेले त्यानंतरच्या वर्षी, 1967 मध्ये, इथल्या अणुसंशोधन संस्थेला त्यांचं नाव दिलं. ट्रॉम्बे हेसुद्धा एकेकाळी बेटच होतं, साष्टीच्या कुशीतलं. मधल्या खाड्या बुजल्या, रस्ते आले आणि बेट असल्याचं लोक विसरले. बेटं दाखवा म्हणून भांडणाऱ्यांना मी हे सांगतो तेव्हा ते टेकडीकडे नव्यानं बघतात. मानखुर्दच्या सिग्नलला अडकताना आपण एका बेटाच्या वाटेवर आहोत असं कुणाला वाटतं?

आजोबा उठून उभे राहिले होते. नातवानं फोन वर केला, त्यांनी हातानं हलकेच खाली केला. मुलगा म्हणाला, "बाबा तिथेच होते, पस्तीस वर्षं. बसनं जायचे, बसनं यायचे." नातवानं विचारलं, "आबा, तुम्ही तिथे काय करायचात?" आजोबा म्हणाले, "नोकरी." एवढंच. मग मला म्हणाले, "समुद्राकडून आज पहिल्यांदा बघतोय. आमच्या खिडकीतून तुमच्या होड्या दिसायच्या." मी विचारलं, कोणत्या बाजूच्या खिडकीतून? ते हसले, उत्तर दिलं नाही. टेकडीच्या एका बाजूला आमचा कोळीवाडा आणि दुसऱ्या बाजूला त्यांचं काम. इतकी वर्षं एकमेकांना लागून राहिलो आणि बोलणं झालं ते भाड्याच्या बोटीवर. माझ्या बाबांचीही त्या फाटकाशी कधी गाठ पडली नाही. त्यांना ठाऊक होती ती फक्त पाण्यातली हद्द, कुठवर जाळं टाकायचं आणि कुठे परत फिरायचं.

पक्षी दिसले, पण मंडळींना हवे तसे नाहीत. माहुलच्या चिखलाच्या कडेनं एक लांबलचक गुलाबी पट्टा. नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी इथे मुक्कामाला असतात, त्यातले छोटे रोहित हजारोंनी. चिखलातलं शेवाळ हे त्यांचं खाणं. शहराचं सांडपाणी खाडीत येतं, त्यावर शेवाळ माजतं आणि त्यावर हे पक्षी जगतात, ही गोष्ट पाहुण्यांना ऐकायला आवडत नाही. गुलाबी रंगाचा फोटो हवा, त्यामागची गटारं नकोत. खाडीच्या आतल्या भागाला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं आणि 2022 मध्ये ते रामसर यादीत गेलं. जवळून बघायचे असतील तर ऐरोलीच्या केंद्रातून वनखात्याच्या बोटी सुटतात, तिकडे जावं, असं मीच सुचवतो. आमची बोट मोठी, तिला पाणी जास्त लागतं. पाणी चढतं तसे पक्षी आत सरकतात, आपण पुढे गेलो की ते मागे, अंतर तेवढंच राहतं. कुणी तरी म्हणतंच, हॉर्न वाजवा, उडतील. हॉर्न वाजवत नाही. पोट भरणाऱ्याला ताटावरून उठवू नये.

परतताना वारा उठला. दुपारनंतर वायव्येकडून येतो, बोटीच्या नाकावर पाणी उडवतो. घाबरण्यासारखं काही नसतं, फक्त बसून राहायचं. याच वेळी जीवरक्षक जाकिटांचा तंटा सुरू होतो. सकाळी फोटोसाठी काढलेली नारिंगी जाकिटं दुपारी उकाड्याचं कारण सांगून बाकाखाली जातात. पूर्वी मी विनंती करायचो. 18 डिसेंबर 2024 नंतर करत नाही. त्या दुपारी इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळली. माणसं पाण्यात पडली आणि सगळी परत आली नाहीत. तीच वाट, तेच पाणी, तेच ऊन. नीलकमलवरच्या प्रवाशांचं काही चुकलं नव्हतं. ते पुढच्या धक्क्याकडे बघत बसले होते. त्यानंतर गेटवेला जाकिटांची सक्ती झाली. मी आता इंजिन बंद करतो आणि सगळ्यांच्या छातीवरचे बंद आवळलेले दिसेपर्यंत चालू करत नाही. मुलुंडच्या धाकट्या सुनेला ते आवडलं नाही. आजोबांनी स्वतःचा बंद दाखवून विचारलं, "हा बरोबर आहे का?" मग बाकीच्यांनी निमूट बांधले.

ही सहल मालदीवपेक्षा स्वस्त आहे म्हणून करू नका. स्वस्ताई शोधणाऱ्याला मुंबई बंदर निराशच करतं. चिखल दिसेल, तेलाचा वास येईल, बहुतेक बेटांवर उतरता येणार नाही, आणि एखाद्या जहाजासाठी अर्धा तास तिष्ठावं लागेल. पण ज्या शहरात जन्म काढला त्याचं तोंड मागच्या दारानं बघायचं असेल तर यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. कित्येक मुंबईकर हा रस्ता आयुष्यात एकदाही घेत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

तेव्हा फोन कराल तेव्हा भाड्याच्या आधी बोटीचा प्रवासी परवाना विचारा, किती माणसांचा आहे ते विचारा, आणि जाकिटं माणशी एक आहेत का ते स्वतः मोजा. लहान मुलांच्या मापाची वेगळी असतात, तीही. तिथी सांगा, क्रम सारंगावर सोडा. जेवण आदल्या दिवशी कळवा. आणि सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.